सुगताची भाकर

बोंडाच्या टोकानं बोटं चिरली होती.
ते काई नवं नाई, दरसाली चिरतेत.
नवं हे, का कोपर म्या पोरीपुढं नाई,
सुगतापुढं सरकवली.

"मले?"
हो, तुले. जेवतो कोन?

जवारीचं पीठ, ऊन पानी,
तयहाताची टाच लाव, नुसती बोटं नोको.
थो आधी हसला, मंग चिडला,
मंग जीभ बाहेर काढून तिंबत बसला,
लहानपनी पाटीवर 'क्ष' गिरवे तसा.

पयली भाकर तव्यावर जाता जाता फाटली.
दुसरीचा नकाशा झाला, कोन्या मुलखाचा कोन जाने.
शेवंता कुडावरून म्हने,
"काहून वं, याले बायको भेटनार नाई का?"
भेटीन की.
थे तापानं फनफनली
तं याले काय तुया घरी जेवाले धाडू?

पऱ्हाटीचा इस्तो भसकन पेटते, भसकन बसते,
हे त्याले अजून कयत नाई.
चटका बसला.
म्या फुकर नाई मारली,
रांजनाकडं हात दाखवला.

करुणा उंबऱ्यात पुस्तक घेऊन.
घंटाभर एकच पान.
भावाकडं पाहून राह्यली.

राती याच्या बापानं भाकर मोडली,
आंबाडीच्या भाजीत बुडवली.
"मधात कच्ची हाये."
आन् दुसरी मांगतली.

मंग ताट तिथंच ठेवून
चूय भराले उठला, रोजच्यासारका.

म्या काईच बोलली नाई.
पिठाचे हात पुसत सुगत म्हने,
"बाबा, ताट."

चूय तोंडातच.
बाप दारात उभा.