सव्वातीन

गेट नंबर अकरा बंद पडून नऊ वर्षं झाली.
छोट्या लाईनचे रूळ वाळक्या तरोट्यात बुडाले,
सिग्नलच्या खांबावर कोतवाल बसतो.
तरी सव्वातीनला
कुणी खांदा हलवावा तसे डोळे उघडतात.

आशाताई म्हणाली, "काका, सांजच्याला चहा नोका पिऊ,
रात्री घडी नोका पाहू."
घड्याळाचं तोंड भिंतीकडे केलं.
पण घड्याळ कुठं भिंतीवर होतं?

परवा उठून खुंटी चाचपत होतो, कंदिलासाठी.
अंधारातून देवका म्हणाली,
"कंदील इकला ना तुमी. भंगारवाल्याले."

जागीच होती.
तीस वर्षं मी मालगाडीसाठी उठलो
अन् ही माझ्या चहासाठी,
माझ्याही पाच मिनिटं आधी.
हिला कुणी रिटायर केलंच नव्हतं.

खाटेवर बसून राहिलो.
पत्र्यावर मोहाचं फूल पडलं.
बऱ्याच वेळानं आणखी एक.
कूस बदलत ती बोलली,
"गेली गाडी. गेट उघडा अन् झोपा आता."

मी अंधारातच चाक फिरवलं,
दोन्ही हातांनी, पूर्वीसारखं, जड.
आडवा होतो तोवर
ती घोरायलाही लागली होती.