माग थांबला की

आमच्या घरात झोप लागायची ती आवाजात.
भिंतीपलीकडे चार माग,
खटक् खटक् खटक्, रात्रभर,
आणि लाईट गेली की
सगळ्यात आधी उठायचे नाना,
शांततेनं दचकून.
अंधारात विचारायचे, "काय झालं गं?"

प्रबंधात मी हे लिहिलेलं नाही.
तिथं लिहिलंय :
बदल घडला, तरच चेतापेशी बोलते.

नान्नजच्या अलीकडं माळावर एक टॉवर आहे.
रात्री अडीचला कुणाचाच फोन नसतो,
तरी हा जागा. डिझेल पीत
विचारत राहतो, कुणी आहे का,
कुणी आहे का,
आणि "नाही" लिहून ठेवतो,
सेकंदाला हजारदा.
रीडिंग घ्यायला इरण्णा हत्तुरे सोबत होता.
म्हणाला, "मॅडम, बडबड ह्याची,
बिल आपल्याला."

आमची चिप नखाएवढी.
हाक आली की एक ठिणगी, नाहीतर गप्प.
गप्प बसण्याचं जवळजवळ काही घेत नाही.
आईला समजावलं : तुझ्या विड्यांसारखंच,
हजाराला इतके, खाडा पडला तर शून्य.
आई सुपात पानं कातरत होती.
"म्हणजे यंत्रालाबी रजेचा पगार नाही,"
म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.

एप्रिलमध्ये केगावच्या माळावर ड्रोन उडवला.
त्रेचाळीस डिग्री. पाण्याची बाटली चहासारखी.
जुन्या चिपवर अठरा मिनिटं उडायचा,
आमच्या चिपवर एकवीस.
तीन मिनिटांसाठी माझी दोन वर्षं गेली होती.

त्याचा डोळा फक्त हललेलं बघतो.
उडत असला की सगळं जग सरकतं,
म्हणून सगळं दिसतं.
पण टॉवरपाशी तो थांबला, हवेत, अगदी स्थिर,
आणि माझ्या स्क्रीनवरून
माळ गेला. टॉवर गेला.
छत्री घेऊन उभी असलेली मी गेले.
एक टिटवी तेवढी उडाली,
काळ्यावर पांढरी रेघ.
मग वाऱ्याची झुळूक,
आणि ताणाची तार, जी हललीच नव्हती.

टॉवेलात गुंडाळून घरी आणला.
नानांनी मोडकं पातं उचलून बघितलं.
उभा जन्म त्यांनी जेकार्डचे पत्ते पाडले :
भोक तिथं दोरा उचलतो,
भोक नाही, दोरा खाली.
मी म्हटलं, "तसंच आहे हे. भोक म्हणजे ठिणगी.
बाकी काही मोजायचंच नाही."

"मोजू नको," नाना म्हणाले,
"पण खाली राहिलेला दोरा नाही म्हणू नको.
चादरीवरचा मोर
त्याच्यावरच उभा असतोय."

जुना पत्ता उजेडाकडं धरला होता त्यांनी.
हात थरथरत होता, वयानं,
आणि भोकांतून आलेले उजेडाचे ठिपके
भिंतीवर बारीक नाचत होते.
मी कितीतरी वेळ भिंतीकडंच बघत राहिले.
"काय बघलालीस?"
"काही नाही, नाना. हात तसाच धरा."

डोळासुद्धा कधी पुरता स्थिर नसतो.
टक लावली तरी आत थरथरतो,
नाहीतर समोरचं माणूस विरून जाईल.
हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

आता आमचा ड्रोन थांबला की किंचित कापतो.
त्यात चाळीस सेकंदांचं उड्डाण जातं.
अहवालात मी त्याला "सूक्ष्म कंपन" म्हटलंय.
तार दिसते.

काल रात्री लाईट गेली.
नाना उठले नाहीत.
माग विकून सहा वर्षं झाली,
थांबण्यासारखं भिंतीपलीकडं काही उरलेलं नाही.
मी उठले.
फ्रिज बंद पडला होता,
तेवढंच.