अकरावा कायदा

अ‍ॅडलेड, जानेवारी. उत्तरेचा वारा
दौतीतली शाई दुपारच्या आत सुकवतो.
मी जेबेझ ट्रेगोवन, नक्कलनवीस, दुसरा वर्ग,
यंदाच्या तेवीस कायद्यांचा अहवाल उतरवतो आहे.
प्रती तीन. एक लंडनला,
एक मागच्या बोटीनं लंडनला, पहिली बुडालीच तर,
आणि एक आमच्या कपाटाला.

अहवालाला रकाने असतात.
क्रमांक, नाव, हेतू,
शेवटी महाधिवक्त्यांचं मत:
इंग्लंडच्या कायद्याला बाधक नाही.
कुत्र्यांवरचा कर, बाधक नाही.
दीपगृहाची पट्टी, बाधक नाही.
मेंढ्यांची खरूज, बाधक नाही.
हात आपोआप चालतो,
पहाटे पाव मळताना कॅझायाचा चालतो तसा.

अकराव्यापाशी मत थांबतं.
मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह कायदेशीर करण्याबाबत.
"हा राखून ठेवलाय," साहेब खिडकीकडे बघत म्हणतात,
"महाराणींची मर्जी कळेपर्यंत. हेतूत लिही,
वसाहतीतल्या काही कुटुंबांची सोय."

सोय, मी लिहितो.

लव्हडे तापात गेली, त्याला मे महिन्यात तीन वर्षं होतील.
कॅझाया कपुंड्याच्या खाणीवरून बैलगाडीनं आली होती,
दहा दिवसांसाठी, बहिणीला जवाची पेज भरवायला.
अजून आमच्या मागच्या पडवीत झोपते.
मधल्या दाराला कडी आहे, तिच्या बाजूनं.
धाकटा तिला आई म्हणतो, थोरली म्हणत नाही.
पाद्री रविवारी आमचं बाक सोडून
बाकीच्या सगळ्या बाकांकडे बघतो.
हेतूचा रकाना दोन बोटं रुंद आहे.

नक्कल म्हणजे माशीच्या जागी माशी.
मसुद्यावर खरोखरच एक चिरडलेली होती,
अकराव्याच्या खाली, पंख पसरून.
तेवढी मी गाळली.

मग लाख, फीत, पत्र्याची पेटी.
कॅझाया भांडी घासता घासता विचारते, आता कुठवर?
मी म्हणतो, गॉल. कोळसा भरत असतील.
दोन आठवड्यांनी, आता?
एडन.
तिच्या ट्रंकेत राखाडी कापड आहे, साडेसात वार,
अजून कात्री न लागलेलं.
महिन्यातून एकदा ते उन्हात घालते,
कसर लागू नये म्हणून, म्हणते.

तिकडे असाच कुणी दुसऱ्या वर्गातला
पेटी उघडेल, कोपऱ्यात तारीख टाकेल,
माझ्या 'सोय'वरून त्याची नजर जाईल,
की अक्षर बरं आहे गड्याचं,
आणि कागद पुढच्या टेबलावर.

उत्तर सप्टेंबरात आलं.
कुत्र्यांवरचा कर, चालू ठेवावा.
दीपगृहाची पट्टी, चालू ठेवावी.
मेंढ्यांची खरूज, चालू ठेवावी.
अकराव्याबाबत
महाराणींना संमतीचा सल्ला देणं
सरकारला शक्य झालेलं नाही.
बस. उत्तराला हेतूचा रकाना नसतो.

साहेब म्हणाले, पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडतील.
कागदी घोडे आहेत, पोहायला वेळ लागतो.
उत्तराचीही वहीत नक्कल करावी लागते.
केली. एक डाग पडला नाही,
याचीच दिवसभर लाज वाटत राहिली.

घरी सांगितलं तेव्हा ती पाव काढत होती.
सगळे काढून झाले, फडकं टाकून झालं,
मग म्हणाली,
"लव्हडे गेली, हे त्यांना कुणी कळवलं होतं का?"
कळवलं नव्हतं.
कुठल्या रकान्यात कळवणार?

दुसऱ्या दिवशी तिनं कापड बेतलं.
अर्ध्याचा थोरलीला झगा, उरलेलं परत ट्रंकेत.
थोरली झगा घालून अंगणात गेली, गोल फिरली,
आणि आत येऊन तिला काहीतरी म्हणाली,
मला नीट ऐकू आलं नाही.

त्या रात्री मी नेहमीसारखा
कडीच्या आवाजाची वाट बघत पडलो.
कडी वाजली नाही.
मधलं दार वाऱ्यानं जरा हललं.

हे मी कुठंही कळवलेलं नाही.