मागचा, पुढचा

या महिन्यातलं चौथं पंक्चर.
पहिलं नदीपात्रातल्या रस्त्यावर, बाभळीच्या काट्यानं.
दुसरं कुणाच्या तरी स्टेपलच्या पिनेनं.
तिसऱ्याचं कारणच सापडलं नाही.
आणि काल होळकर पुलावर, ऐन पावणेसातला.
सायकल हातात धरून खडकीपर्यंत चालत गेले.
फॅक्टरीचं गेट बंद. अर्धा दिवस बिनपगारी.

नाना पेठेत मुनीर तांबोळींनी
दोन टायर काउंटरवर टाकले.
एक जाड. आत पट्टा आहे म्हणाले,
खिळ्यावरून गेलात तर खिळाच वाकेल.
अंगठ्यानं दाबून पाहिला. दबला नाही.
उचलला तर ओल्या गोधडीसारखा जड.
दुसरा मऊ. घडी घातली, झाली;
सोडली तर मांजरासारखा आळस देत उलगडला.

"हा चालवायला कसा?"
"याच्यावर रस्ता कळतो, बाई.
त्याच्यावर नुसतं पोचता येतं."

पोचणं काही कमी नाही, मी म्हणणार होते.
पण डावं मनगट काउंटरवर होतं, पट्टी बांधलेलं,
आणि डॉक्टर म्हणाल्यात, हादरे टाळा.
तेवीस वर्षं तळहातांनी वाचलाय हा रस्ता:
संगमवाडीचं रफू केलेलं डांबर,
पुलाचे सांधे, ठक् ठक्, मोजून,
मेट्रोवाल्यांनी बुजवलेले न बुजलेले चर.

तांबोळींनी पट्टीकडे पाहिलं, किंमत सांगितली नाही.
"तुमचं वजन मागे. काटे मागचंच चाक वेचतं.
मनगटं पुढे.
मागे जाड लावा, पुढे मऊ.
पुढे हवा चार पंप कमी."
"जोडी नाही जुळणार."
"जोडी चपलांची बघतात.
चाकं शेजारी चालतात का कधी?"

पैसे दोन हप्त्यांत द्यायचे ठरले.

आज सकाळी कुंदा गड्डमवार गेटवरच हसली,
एक काळा, एक विटकरी, काय गं हे?
मी काही बोलले नाही.
पुढचा वाटभर बडबडत होता,
खडी, झाकण, पाण्याचा ओघळ, पुन्हा खडी.
मागचा गप्प. गप्पच राहा म्हटलं.
पॅच आणि सोल्यूशन मात्र
डब्याच्या पिशवीत तसंच आहे.

जुना टायर गॅलरीत खिळ्याला टांगलाय.
रात्री उलटा करून आतून बोट फिरवते,
ते तिसरं अजून शोधतेय.
एका जागी काहीतरी टोचतं.
दिवा जवळ आणला की
तिथं काहीच नसतं.