पांढरं म्हणजे पळण्याजोगं

नकाशावर पांढरं म्हणजे रिकामं नव्हे.
पांढरं म्हणजे जंगल, पळण्याजोगं.
सुटी सुटी पाइनची खोडं, खाली शेवाळ,
पावलाला कुठेच नाही न म्हणणारी जमीन.
हिरवं जितकं गडद तितकं घुसणं अवघड.
हे मी सातव्या वर्षी शिकले,
कुहमोच्या शाळेमागे,
गळ्यात होकायंत्र, नाकाला शेंबूड.

एक्केचाळिसाव्या वर्षी
फिजिओ ऑस्मो माझ्या टाचेमागच्या दोरीवर अंगठा दाबतो
आणि म्हणतो, इथे अजून गडद हिरवं आहे.
विनोद बरा होता. मी हसले नाही.

वीस मिनिटं चालायचं. सपाटीवर.
चढ नको, दगड नको, दलदल नको.
ऑस्मो, म्हटलं, तू याच जिल्ह्यात राहतोस ना?

आमच्या शर्यतीत चौघांनी निघायचं, चौघांनीच पोचायचं.
दोन दिवस, दोन रात्री, सायकल, होडी, पाय.
एक बसला की उरलेले तिघे
कितीही धावोत, धरत नाहीत.
हेन्नाचा निरोप आला: अजिबात घाई करू नकोस.
खाली तारीख लिहिली होती.

मग मी तळ्यावर गेले, रोज, पहाटे,
टाच अधांतरी ठेवून वल्हवत राहिले.
खांदे फुगले, डावी पोटरी सुकली.
आरशात दोन वेगळ्या बायका,
कमरेशी घाईत टाके घालून जोडलेल्या.

बुधवारी मुलांसाठी खूणझेंड्या लावायचं काम
माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणी रिकामं नव्हतं.
नऊ झेंड्या, नारिंगी-पांढऱ्या. काठी टेकत.
सहावी डांबराच्या जुन्या खड्ड्यात.
इथे पूर्वी पाइनची मुळं पुरून मंद जाळत, डांबर गाळत.
वीस वर्षं मी या खड्ड्याला
तीन सेकंदांत ओलांडत आले आहे,
नकाशावरचा तपकिरी ठिपका, डावीकडे ठेवायचा.
त्या दिवशी त्याच्या काठावर बसले.
तळाशी कोळशाचा थर अजून काळा आहे,
आणि त्यातून लिंगनबेरी उगवते, हे मला माहीत नव्हतं.

आठ मुलं परतली. नववा आतोस.
जूनमध्ये इथे अंधार पडत नाही,
म्हणून आयांना धसका उशिरा बसतो.
मी निघाले. वीस मिनिटं कधीच संपली होती.
दगड आले, मग चढ, मग दलदलीची कड,
ऑस्मोची सगळी यादी, त्याच क्रमाने नाही.

तो दुसऱ्याच खड्ड्यात उभा होता,
माझ्या खड्ड्यापासून साठ मीटरवर,
डासांनी कान लाल झालेले.
हरवलास?
नाही, म्हणाला. मी इथे आहे.
आणि नकाशावर बोट ठेवलं.
झेंडी हरवली आहे.

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं.
तो बरोबर होता.
जांभळं वर्तुळ याच खड्ड्याभोवती होतं,
आणि मी, तीन वेळा जिल्ह्यात पहिली आलेली,
कोळसा बघत भलत्याच काठावर बसले होते.

मग परत का नाही आलास?
नकाशा म्हणतो इथेच, तर कुणी तरी येईल.
पाऊण तास तो वाट पाहत होता.
वाट तिथे नव्हतीच.
तरी पाहत होता.

परतताना तो माझ्या पुढे गेला नाही.
लंगडीचं पाऊल मोजून तेवढंच टाकत राहिला,
दयेने नव्हे बहुतेक,
त्याला लिंगनबेरीची कच्ची फळं दिसत होती.

रात्री फ्रीजरमधले वाटाणे टाचेला बांधून
हेन्नाला लिहिलं: तारखेला मी नाही. होडीपुरती दुसरी शोधू नका,
चौथी पूर्ण शोधा.
पाठवायला वेळ लागला. अंगठाच पुढे जाईना.

सकाळी ऑस्मोने विचारलं, किती चाललीस?
वीस मिनिटं.
त्याने दाबलं.
बरं, म्हणाला, आता खरं सांग,
आणि कागद पुढे केला, पेन्सिलसकट,
कुठून कुठे ते काढून दाखवायला.