उरलेल्या फेऱ्या

सोल्नोकच्या तलावावर, चौथ्या लेनच्या टोकाशी
गुडघे टेकून बसलेय मी,
फेऱ्यांची पाटी हातात, हात कोपरापर्यंत पाण्यात.
एकोणतीस. सत्तावीस. पंचवीस.
आमच्या टोकाला विषम आकडेच येतात.
सम आकडे पलीकडे,
तिथे पोहणारीला कुणी काही सांगत नाही.

एमोके येते, गुडघे पोटाशी घेऊन उलटते,
तळवे भिंतीवर,
आणि त्या उलटण्यातच डोळ्याच्या कोपऱ्यातून
माझा आकडा उचलून नेते.
माझा चेहरा तिने पाहिलेला नाही.

तेराला मला कळलं.
घड्याळाकडे पाठ होती,
पण सदतीस वर्षं अंगात मुरलेला वेग
मोडायला कुणी निघालं
की आधी खांदा दुखतो.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर फळ्यावर मी आहे,
पितळी अक्षरांत :
सतरा मिनिटं, दोन सेकंद, चार दशांश.
त्यातलं एक अक्षर दोनदा निखळलं,
शिपायाने गोंदाने चिकटवलं.

फळ्यावर हे नाही, की
त्या दिवशी पाटी माझ्या भावाकडे होती, बार्नाकडे,
आणि 'एक'च्या जागी त्याने 'तीन' धरला.
म्हणून विक्रम मी हाताने नाही, पायांनी शिवला.
उलटले, आणि निघाले परत.
घड्याळं थांबलेली, लोक उभे राहून ओरडत होते,
मला वाटलं, जोर लाव म्हणतायत.
लावला.
शेवटी कुणीतरी पाण्यात चप्पल फेकली.

बार्ना मरेपर्यंत माफी मागत राहिला.
त्याला सांगायचं राहूनच गेलं,
की जन्मात सगळ्यांत सुंदर पोहले असेन
तर त्या चाळीस मीटरांत.

सात. पाच. तीन.
पाटीची ओली पानं एकमेकांना चिकटतात,
नखाने सोडवावी लागतात.
खरं सांगते, क्षणभर
बोट 'तीन'वरच थांबलं.
द्यावी का हिलाही ती फेरी?
की हा माझा मत्सरच, चांगले कपडे घालून आलेला?

एक.

गेली.
पाठमोरे पाय, पांढरा फेस,
पलीकडे एकदम गलका :
सोळा अठ्ठावन्न.
तिने हाताने शिवलं, रीतसर.

शेजारच्या लेनवरचा पोरगा वाकून म्हणाला,
"एटेल्कामावशी, संपली शर्यत."
हो रे, म्हटलं.
हात अजून पाण्यात होता,
आकडा 'एक'.