मांडी

चाळीस वर्षं माझ्या मांडीवर सूप होतं.
त्याआधी बहिणीचं पोर, मग माझी दोन,
पण पोरं उतरतात, रांगतात, शाळेला जातात.
सूप उतरलं नाही.
भिजवलेली पानं, तंबाखू, कैची, दोरा,
आणि पत्र्याचा फर्मा, पानावर ठेवून
कातरायचं. हजाराला हजार सारखं.

गुडघा कधी झिजला सांगता येत नाही.
अमुक विडी कधी वळली, आठवतं का कुणाला?
आधी उठताना भिंत लागायची,
मग भिंत आणि सुनेचा हात.
मग एका संध्याकाळी कारखान्यातल्या सगळ्याजणी गेल्या
आणि मी बसूनच. सूप रिकामं.
मुकादम दारातनं म्हणाला,
आक्काताई, कुलूप लावायचंय.

बेळगावात डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला.
मधली गादी संपली, म्हणाला, हाडावर हाड घासतंय.
मी विचारलं, नवीन बसवताय त्याला फर्मा असतो काय?
असतो की, म्हणाला. टेबलावरच मापून बघतो.
तुम्हाला लहान लागेल.
तेव्हा जरा बरं वाटलं.
मापानं कातरणारा माणूस होता.

थोडे फंडाचे, थोडे पाटली मोडून.

कंबरेखाली बधिर केलेलं, पण कान जागे.
हातोडी ऐकली मी.
निपाणीत आमच्या गल्लीला परातीचा पोचा काढतात, तसा आवाज.
कुणाच्या तरी घरचं काम चाललंय, वाटलं.

दुसऱ्या दिवशी श्रीशैल आला, व्यायामाचा पोरगा,
जमखंडीकडचा. मराठी त्याला कामापुरती,
कन्नड मला बाजारापुरती.
मडच्री अव्वा, म्हणायचा, इन्नू स्वल्प.
अजून थोडा, अजून थोडा.
थोडा म्हणजे किती ते दोन्ही भाषांत सांगत नाहीत.
ओंद, एरड, मूर, तो मोजायचा.
दहावर थांबला की मी म्हणायचे,
थांब रे, पंचवीसचा कट्टा पुरा होऊ दे.

नव्वदला वाकला त्या दिवशी
शेजारच्या खाटेवरची नीलव्वा,
हुक्केरीची, खुब्याची,
पडल्यापडल्या टाळ्या वाजवायला लागली.
रात्री तीच रडत होती.
मला उठून जाता येईना.
सुम्मिरव्वा, म्हटलं. गप की बाई.
त्याच्या पुढचे शब्द येत नव्हते,
म्हणून तेच सात-आठदा म्हणाले.

घरी आले तर खुर्ची तयार.
कागदावर लिहून दिलेलं:
मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही,
जमिनीवर तर नाहीच.
एकदा सून बाहेर गेल्यावर खुर्चीत सूप घेतलं,
घसरलंच. तंबाखू फरशीभर.
खुर्चीतल्या बाईला मांडी नसते, उतरण असते.
नातवाला खोकला आला, शिंका आल्या,
मग म्हणाला, आज्जी, माझी जागा कुठं गेली?
त्याला काय सांगणार.
तंबाखू गोळा करायला लावली.

परवा तपासणीला एकटी निघाले.
स्टँडवर बेळगावची गाडी.
पाटी वाचता येत नाही, पण पहिल्या अक्षराचा वेटोळा ओळखते.
पायरी माझ्या मांडीपर्यंत.
श्रीशैलनं पाठ करून घेतलेलं,
चढताना चांगला पाय पुढं, उतरताना दुखरा.
पाय उचलला
आणि तसाच धरून ठेवला.
चांगला कुठला?
उजवा दुखत नाही, पण रात्री गार पडतो,
आणि त्याच्यावर हात ठेवला तर
पाहुण्याच्या अंगाला हात लागल्यासारखं होतं.
डावा माझा, पहिल्यापासनंचा,
तोच आता ओरडतो.
हत्तरी, हत्तरी, कंडक्टर म्हणाला.
मागनं कुणी म्हणालं, मावशी, चढा की.

थांबा, म्हटलं.
ठरवतेय.